मेंढपाळांचे विधी आणि वाट्याचा प्रश्न

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत आम्ही दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढला आहे.)



आम्ही विद्वान नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून म्हणून चिकटलो, ते आजतागायत. वाचनाची थोडी आवड आहे एवढेच. तरीही आजचा विषय आम्ही मागून घेतला, त्याला एक कारण घडले.

काही वर्षांपूर्वी आमच्या काउंटरवर एक वयस्क धनगर आले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पागोटे, सोबत शाळेत जाणारा नातू. नातवाचे खाते उघडायचे होते. आम्ही फॉर्म भरू लागलो. नाव झाले, वय झाले, आणि 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी येऊन थांबलो. आम्ही विचारले, "मामा, पत्ता काय लिहू?" ते म्हणाले, "सायेब, पाऊस जितं थांबवंल तितं आमी ऱ्हातो. काय लिवायचं ते लिवा." आम्ही नियमावर बोट ठेवले आणि त्यांना दाखला आणायला पाठविले. ते परत आले ते तब्बल आठ महिन्यांनी. मध्यंतरी मेंढरे घेऊन ते पश्चिमेला गेले होते. तोवर नातवाचे शाळेचे वर्ष वाया गेले होते.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. ज्यांना कायमचा पत्ता नाही, ज्यांच्याकडे दप्तर नाही, ते आपली नोंद कुठे ठेवतात? आपला कोण, परका कोण, कुणाचे किती, हे ते कसे ठरवितात? शोधता शोधता उत्तर मिळाले ते त्यांच्या विधींत आणि ओव्यांत. तेच आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे.

पावसामागची माणसे

आपला सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेचा. सांगोला, मंगळवेढा, शेजारचे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि माण हा सारा पट्टा कमी पावसाचा. शेतकऱ्याला हा शाप वाटतो, पण मेंढीला हीच जमीन मानवते. आपल्याकडची दख्खनी मेंढी काळ्या राठ लोकरीची आणि काटक. तिला सततचा पाऊस आणि चिखल सोसत नाही. खूर सडतात, रोग येतो. म्हणून पावसाळ्यात मेंढपाळ या कोरड्या मुलखात राहतो आणि दसरा-दिवाळी उलटली, माळावरचे गवत संपले की नदीखोऱ्यांकडे, काही जण तर थेट घाट उतरून कोकणापर्यंत जातात. मृगाची चाहूल लागली की परत फिरतात.

चार-सहा कुटुंबे मिळून जो मुक्काम करतात त्याला 'वाडा' म्हणतात. नाव वाडा, पण त्याला भिंत नाही! घोड्यावर संसार, जाळीची वाघूर लावून केलेला मेंढरांचा कोंडवाडा आणि उघड्यावरची तीन दगडांची चूल. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे हा मेंढपाळ गावाबाहेरचा खरा, पण गावाच्या शेतीला हवा असलेला.

अशा फिरत्या जीवनात देवळे बांधून बसता येत नाही. म्हणून त्यांचा देवही मुळात माळावरचा. वारुळाजवळचा, झाडाखालचा, दगडाचा. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा, मायाक्का ही त्यांची दैवते. खंडोबाची म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची, हे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. त्यात दोन समाजांचे नाते जोडलेले दिसते.

मंगोल कशासाठी?

आता तुम्ही म्हणाल, कार्यक्रमपत्रिकेवर तर मध्ययुगीन मंगोलांचे नाव छापले आहे आणि हे गृहस्थ माणदेशात फिरत आहेत! मित्रहो, मंगोल आणि धनगर यांचे रक्ताचे नाते आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तसा पुरावा नाही. पण धंदा एक असला की माणसाच्या रीतीही जवळ येतात. शिवाय मंगोल लोकांच्या रीती तेराव्या शतकातच लिहिल्या गेल्या. म्हणून त्यांच्या आरशात आपल्या शेजाऱ्याचा चेहरा पाहणे सोपे जाते.

त्या काळी युरोपातून दोन धर्मगुरू मंगोलांच्या मुलखात गेले. कार्पिनी 1245 ते 1247 मध्ये आणि रुब्रुकचा विल्यम 1253 ते 1255 मध्ये. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेले लिहून ठेवले. मंगोल लोक नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या तंबूत राहत. घरधन्याच्या आणि घरधनिणीच्या बैठकीवर नमद्याच्याच बाहुल्या टांगलेल्या असत. ते त्यांचे घरचे देव. पेय प्यायला बसले की आधी त्या देवांवर शिंपडायचे. मग एकाने प्याला घेऊन तंबूबाहेर जायचे आणि दक्षिणेला अग्नीसाठी, पूर्वेला वायूसाठी, पश्चिमेला पाण्यासाठी आणि उत्तरेला मृतांसाठी शिंपडायचे. वर निळे अनंत आकाश, तो त्यांचा सर्वांत मोठा देव, तेंग्री.

तंबूच्या उंबऱ्याला पाय लागणे हा मोठा अपराध होता. मोंगके खानाच्या तंबूतून निघताना विल्यमच्या सोबत्याचा पाय उंबऱ्याला अडखळला, तर त्याला धरले आणि पुन्हा त्या दारात येऊ दिले नाही. विस्तवात सुरी घालणे निषिद्ध होते. परका माणूस आणि त्याने आणलेली भेट दोन धुन्यांच्या मधून नेऊन शुद्ध केली जाई. मेंढीच्या खांद्याचे हाड विस्तवात भाजून त्याला पडलेल्या तड्यांवरून पुढचे भविष्य पाहत.

आता आपल्याकडे या. दिवाळीत अनेक ठिकाणी धनगर बांधव मेंढरे रंगवून सजवितात आणि शेणीच्या विस्तवावर दूध उतू जाऊ देतात. भांड्यातले दूध आधी अग्नीला, मग माणसाला. देव मांडायचा तर घोंगडीची घडी अंथरतात. मंगोलांचा नमदा काय आणि आपली घोंगडी काय, दोन्ही लोकरच! भविष्य ऐकायचे तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबा भाकणूक सांगतात. पाऊस कसा पडेल, पीक कसे येईल, हे ऐकायला हजारो लोक जमतात. तिकडे हाडावरचा तडा, इकडे भाकणूक. दोन्हीकडे प्रश्न एकच की यंदा गवत कुठे उगवेल? ज्याचे सारे धन चार पायांवर उभे आहे त्याला दुसरी कोणती चिंता असणार!

होएलुनचा वाटा

परंतु विधी म्हणजे केवळ भीती आणि भविष्य नव्हे. याहून मोठी गोष्ट आम्हाला सापडली ती 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात. हा ग्रंथ तेराव्या शतकातला. मूळ मंगोल लिपीतली प्रत नष्ट झाली, पण चिनी अक्षरांत उतरवून ठेवलेली प्रत टिकली म्हणून आज जगाला तो वाचता येतो. त्यातला एक प्रसंग ऐका.

तेमुजिन नावाचा नऊ वर्षांचा मुलगा. त्याच्या बापाला, येसुगेईला, शत्रूने विष घालून मारले. आई होएलुन विधवा झाली. पदरी लहान मुले. पुढच्या वसंतात पूर्वजांचा विधी होता. जमातीतल्या दोन थोर घराण्याच्या विधवा, ओरबेई आणि सोखाताई, यांच्या हाती तो विधी होता. होएलुन तिथे थोडी उशिरा पोहोचली. तिच्यासाठी नैवेद्याचा वाटा ठेवलाच नव्हता. तिने विचारले, येसुगेई मेला म्हणून आमचा वाटाही मेला काय? आज वाटा देत नाही, उद्या उठाल तेव्हा आम्हाला न सांगताच निघून जाल. आणि तसेच झाले. दुसऱ्या दिवशी जमातीने तळ हलविला आणि या आईला व पोरांना माळावर टाकून सारे निघून गेले. एका म्हाताऱ्याने अडविण्याचा प्रयत्न केला, तर त्याला भाला मारला. होएलुन निशाण घेऊन घोड्यावर पाठलागाला निघाली, काही लोकांना तिने फिरविलेही, पण तेही थांबले नाहीत. मग तिने रानफळे आणि कंदमुळे खणून पोरे जगविली. त्यातला तेमुजिन 1206 साली चंगीझ खान झाला आणि नमद्याच्या तंबूत राहणारे सारे लोक त्याने एका निशाणाखाली आणले. पुढे त्याने केलेल्या कत्तलींचे आम्ही समर्थन करीत नाही. पण पंक्तीतून उठविलेल्या आईचे ते पोर होते, हे इतिहासाने विसरू नये.

मित्रहो, या प्रसंगाने आमचे डोळे उघडले. ज्या समाजाकडे वही नाही, त्याची वही म्हणजे विधी. ज्याला नैवेद्याचा वाटा मिळाला त्याचे नाव वहीत आले. ज्याला मिळाला नाही त्याचे नाव खोडले गेले. वाटा नाकारला की माणूस उघड्यावर पडतो. विधी माणसांना जोडतो हे अर्धे सत्य आहे. तो माणसे वगळतो, हे उरलेले अर्धे.

आमच्या आजीची गोष्ट

वगळलेल्यांचा अनुभव आपल्याला कुणी शिकविण्याची गरज नाही. आमची आजी सांगत असे. गावच्या जत्रेत आपल्या माणसांनी राबायचे, सरपण फोडायचे, सांगावा न्यायचा आणि पंगत उठल्यावर ओढ्यापलीकडे बसायचे. वाटा मिळे, पण तो वरून पडे. आजी म्हणे, "वरनं पडतुया त्यो वाटा न्हाई बाबा, ती भीक." मेंढपाळांच्या वाड्यावरही तेव्हा वेगळे नव्हते. दूध आपल्या भांड्यात उंचावरून ओतले जाई. हे आम्ही लपविणार नाही. भटक्याला गावाने दूर ठेवले आणि त्या भटक्याने आपल्याला दूर ठेवले, अशी ही उतरंड होती.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. ती वार्ता गावोगाव पोहोचली आणि आमच्या वस्तीनेही तो वाटा घेणे बंद केले. वस्तीत वैशाख पौर्णिमेला आपली खीर शिजू लागली. एका वर्षी अवकाळी पावसाने धनगरांचा एक वाडा आमच्या वस्तीजवळच्या पडीक रानात अडकून पडला. पोरे भिजलेली, चूल विझलेली. आजीने खिरीचे पातेले भरून नेले. वाड्यावरची म्हातारी क्षणभर थांबली. मग तिने पातेले स्वतःच्या हातांनी घेतले, थेंबभर खीर चुलीच्या दगडावर ठेवली आणि बाकीची पोरांना वाढली. पुरुष मंडळींनी मात्र हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच पातेले दूध भरून परत आले. म्हातारीने ते आजीच्या हातात दिले, वरून ओतले नाही.

त्या खिरीने जाती मोडली असे आम्ही म्हणणार नाही. पुरुषांनी हात लावला नाही हे तितकेच खरे. पण दोन म्हाताऱ्यांनी त्या दिवशी एकमेकींच्या वहीत नाव लिहिले, एवढे नक्की.

ओवी म्हणजे दप्तर

आता वहीची दुसरी बाजू, ओवी. धनगरी ओवी रात्र रात्र चालते. आधी गाऊन सांगायचे, मग तेच बोलून कथेत उलगडायचे, पुन्हा गायचे. बिरोबाची आई सुरावंती, बाणाईची मेंढरे, कुठल्या ओढ्याला पाणी, कुठल्या माळावर मुक्काम, सारे त्यात असते. ढोल-कैताळाच्या तालावरचे गजनृत्य तुम्ही सांगोला-आटपाडी भागात पाहिले असेल. ते केवळ करमणुकीसाठी नसते, देवाच्या दारातली ती हजेरी असते.

मंगळवेढा तालुक्यात हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते. अमावास्येच्या रात्री शिखराला मुंडास बांधले जाते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ओढ्याच्या पात्रात पालख्यांच्या भेटी होतात. हुन्नूरचा बिरोबा गुरू आणि महालिंगराया शिष्य, ही त्यातली मोठी भेट. भंडारा, लोकर आणि खोबरे यांची उधळण होते. महाराष्ट्राचे आणि कर्नाटकाचे लोक येतात, कानडी आणि मराठी एकाच ओढ्यात मिसळते. आम्ही भाविक म्हणून गेलो नाही, पाहायला गेलो. तेव्हा जाणवले की भेट पालख्यांची म्हणतात, पण खरी भेट माणसांची आहे. पुढे सहा-सात महिने वाडे पांगणार. त्याआधी सोयरिकी जुळतात, येणी-देणी बोलली जातात, कोण कुठल्या वाटेने जाणार हे कळते.

हे दप्तर पहिल्यांदा गंभीरपणे वाचले ते अभ्यासकांनी. दामोदर धर्मानंद कोसंबी पुणे परिसरात स्वतः पायी हिंडले. मेंढपाळांच्या जुन्या वाटा, प्राचीन दगडी हत्यारे आणि देवतांची ठाणी यांचा संबंध त्यांनी 1962 साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात दाखविला. (त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित, हे आपल्या वाचकांना सांगणे न लगे.) जर्मनीहून आलेले गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या वाड्यांवर बसून ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 साली आला, त्याचे इंग्रजी भाषांतर 1989 साली. 1992 साली ते वारले. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी 1984 साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' लिहिला आणि पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. आपल्याच जिल्ह्यातला एवढा मोठा देव, आणि त्याच्या मुळाशी मेंढरामागे चालणारा माणूस! ज्याला आम्ही पत्ता विचारला, त्याच्या पूर्वजांचा पत्ता ढेरे यांनी पंढरपुरात शोधला.

काय ठेवायचे, काय टाकायचे?

इथे एखादा विद्यार्थी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की आम्ही बौद्ध. देव-देवस्की, भाकणूक, बळी यांच्याशी आमचा संबंध काय? बावीस प्रतिज्ञांनी आम्ही हे सारे सोडले आहे.

बरोबर आहे. भाकणुकीवर विश्वास ठेवा असे आम्ही सांगत नाही. पाऊस वाऱ्यांच्या नियमांनी पडतो. काही जत्रांत मुक्या जनावराचा बळी पडतो, त्याचे समर्थन कोणत्याही शब्दांत होणार नाही. परंतु अभ्यास करणे आणि पूजा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याबाबत मंगोलांकडूनच एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 1578 साली मंगोलांचा अल्तान खान आणि तिबेटचे सोनम ग्यात्सो यांची भेट झाली. 'दलाई लामा' ही उपाधी त्याच भेटीत दिली गेली. त्यानंतर मंगोल मोठ्या प्रमाणावर बौद्ध झाले. अंत्यविधीत माणसे आणि जनावरे मारण्याची जुनी प्रथा अल्तान खानाने बंद केली. नमद्याच्या बाहुल्या काढून टाकायला लावल्या. पण दूध शिंपडण्याची रीत राहिली, डोंगरमाथ्यावरचे दगडांचे ढीग राहिले, गाणी राहिली. रक्त गेले आणि दूध राहिले. सारे आपोआप किंवा गोडीगुलाबीने झाले असेही नाही. सक्तीही झाली. पण धर्म बदलताना लोकांनी आपली जीभ कापून टाकली नाही. पुढे 1937 ते 1939 या काळात तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने विहार पाडले, हजारो भिक्खू मारले, तरी तो धागा तुटला नाही. 1990 नंतर तिथे विहार पुन्हा उभे राहू लागले, तेव्हा लडाखचे भिक्खू कुशोक बकुला रिंपोछे हे भारताचे राजदूत म्हणून तिथेच होते.

आणि फार दूर कशाला जायचे? आपल्या आया-आज्यांनी काय केले? जात्यावरची ओवी जुनीच, पण तिच्यात त्यांनी बुद्ध आणले, भीमराव आणले. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या बायांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. त्या बाया कुठल्या महाविद्यालयात गेल्या नव्हत्या. पण काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे त्यांना बरोबर कळले होते.

म्हणून कुठल्याही विधीपुढे उभे राहाल तेव्हा एकच कसोटी लावा, असे आम्ही सुचवितो. इथे वाटा कुणाला मिळतो आणि कुणाला मिळत नाही? ही कसोटी शेजाऱ्याच्या जत्रेला लावा तशी आपल्या विहारातल्या कार्यक्रमालाही लावा. आपल्या भोजनदानात पोटजात विचारली जाते का? दूरच्या वस्तीवरची विधवा उशिरा आली तर तिच्यासाठी ताट राखलेले असते का? होएलुन मंगोलियातच होती असे समजू नका.

विद्यार्थ्यांना दोन कामे सांगून संपवितो. पहिले, यंदा दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या वाड्यावर जाऊन बसा. आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. परवानगी मागा, म्हाताऱ्या गायकाची ओवी टिपून घ्या, सांगणाऱ्याचे नाव आणि गाव त्याच्या संमतीने लिहा. राठ लोकरीला गिऱ्हाईक राहिले नाही, पोरे शहरात कामाला लागली, वाडे कमी होत आहेत. रात्रभर ओवी सांगणारा माणूस गेला की त्याच्याबरोबर अख्खे दप्तर जाते. दुसरे, तुमच्यापैकी काही जण उद्या आमच्यासारखे काउंटरच्या आतल्या बाजूला बसाल. तेव्हा कुणी पत्ता नसलेला माणूस पुढे आला, तर त्याला परत पाठविण्याआधी उठून साहेबांना विचारा की नियमात काही वाट आहे का. आम्ही त्या दिवशी उठलो नाही. तो नातू पुढे शिकला की नाही, हे आम्हाला आजही ठाऊक नाही.

 जय भीम! नमो बुद्धाय!